केप्लर ज्या पुलावरून आला: रेगन्सबुर्गमधले पाच दिवस

दिवस पहिला, गुरुवार

म्युनिकहून निघालेली गाडी दीड तासात रेगन्सबुर्गला पोचली. भाचा फलाटावर उभा होता. माझ्या हातातली बॅग घेत म्हणाला, "मावशी, दमली असशील. टॅक्सीने घरी जाऊ, जरा पड, मग संध्याकाळी बघू."

"तुझं घर पुलापलीकडे ना? मग चालतच जाऊ. पुलावरून."

तो हसला. मी या गावात कशासाठी आले आहे हे त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा होता आणि त्यात केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचे ग्रहांच्या गतीचे तीन नियम. फळ्यावर लंबवर्तुळ काढून सूर्य मधोमध का नाही हे मी किती वर्गांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. ज्याचे नियम शिकवले तो माणूस कुठे गेला, कसा गेला, हे मात्र मी निवृत्त झाल्यावर वाचलं. १५ नोव्हेंबर १६३० रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, तो या गावात वारला. भाच्याला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं, एकदा जायचं.

स्टेशनपासून जुन्या गावातून पंधरा-वीस मिनिटं चाललो. गल्ल्या अरुंद, पायाखाली दगडी फरसबंदी, बॅगेची चाकं खडखडत होती. एका वळणानंतर एकदम मोकळं आभाळ आलं, मनोऱ्याखालची कमान आली आणि समोर पूल. खाली डॅन्यूब. जर्मन तिला डोनाउ म्हणतात. मी कठड्यावर हात ठेवून नुसती उभी राहिले. सप्टेंबरअखेरचं ऊन दगडात मुरलेलं होतं, कठडा कोमट लागत होता.

त्या दिवशी बाकी काही पाहिलं नाही.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी साडेसहाला खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हतं. भाचा म्हणाला, इथे शरद ऋतूत नदीवरून असंच धुकं उठतं. चहा घेऊन मी एकटीच पुलावर गेले. चार पावलांपुढचं दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज जोरात येत होता. एवढी मोठी नदी, शांत वाहणारी, पुलाखाली एवढी का गर्जते, हे धुकं विरळ झाल्यावर कळलं.

हा पूल ११३५ साली बांधायला घेतला आणि ११४६ साली पुरा झाला. ११३५चा उन्हाळा फार कोरडा गेला होता, नदी आटली होती, त्यामुळे पात्रात पाया घालता आला. मूळ कमानी सोळा. त्यांतली एक आता काठावरच्या बांधकामात गडप झाली आहे, पंधरा दिसतात. पुलाची लांबी तीनशे मीटरच्या थोडी वर. प्रत्येक खांब पाण्याच्या माऱ्यातून वाचावा म्हणून त्याच्याभोवती होडीच्या आकाराचं लांबट दगडी बेट घातलेलं आहे. खांब जाडजूड, त्यावर ही बेटं, म्हणजे नदीला जायला वाट किती उरली? सगळं पाणी त्या चिंचोळ्या फटींतून घुसतं आणि पलीकडे भोवरे होऊन बाहेर पडतं. पूर्वी माल भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध वर आणायच्या तर दोरांनी ओढून काढाव्या लागत. पुलाने रस्ता दिला आणि नदीचा रस्ता अवघड केला, अशी ती देवाणघेवाण. शहराने ती सातशे-आठशे वर्षं चालवून घेतली, कारण कित्येक शतकं उल्म आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान डॅन्यूबवर टिकून राहिलेला दगडी पूल एवढाच होता. तिसऱ्या क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला निघालेला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ११८९ साली इथूनच फौज घेऊन गेला.

पूल सरळ नाही. मध्ये उंचावतो आणि किंचित वळतोसुद्धा. त्याची गोष्ट गावातलं प्रत्येक पोर सांगतं. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांनी पैज लावली, आधी कोण पुरं करतो. पूलवाला मागे पडला, त्याने सैतानाची मदत घेतली आणि बदल्यात पुलावरून पहिल्यांदा जाणारे तीन जीव द्यायचं कबूल केलं. पूल झाल्यावर त्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडला. सैतान चिडला, खालून पूल उचकटायला गेला, आणि तो कुबड तेवढा राहिला. पुलाच्या सर्वांत उंच जागी एका छोट्या छपरावर दगडी माणूस बसला आहे, डोळ्यांवर हात धरून कॅथेड्रलकडे बघणारा. पैज कुठवर आली ते तो पाहतो म्हणे. आता, पूल ११४६ला संपला आणि आजच्या कॅथेड्रलचं काम तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. त्यामुळे पैज कालगणनेत बसत नाही. पण तो माणूस मला आवडला. जाता-येता मी त्याच्याकडे बघत असे.

पुलावर एके काळी तीन मनोरे होते. मधला १७८४च्या हिमपुरात खिळखिळा झाला म्हणून पाडला. उत्तरेकडचा १८०९च्या लढाईनंतर गेला. त्या लढाईत, याच गावाच्या तटासमोर, नेपोलियनच्या पायाला गोळी लागली होती. दक्षिणेचा मनोरा तेवढा शाबूत आहे. भाचा राहतो तो उत्तर काठ म्हणजे श्टाट-अम-होफ. आज ती या शहराची पेठ वाटते, पण १९२४पर्यंत ते वेगळं गाव होतं. रेगन्सबुर्ग १२४५पासून सम्राटाखालचं स्वतंत्र शहर, तर पलीकडे बव्हेरियाचं राज्य. म्हणजे माझा भाचा रोज भाजी आणायला जातो ती एके काळची सरहद्द ओलांडून.

दुपारी जेवायला पुलाच्या पायथ्याशी गेलो. तिथे नदीला चिकटून एक बुटकं, धुराने काळवंडलेलं सॉसेजचं स्वयंपाकघर आहे. निखाऱ्यांवर बोटाएवढी सॉसेजं भाजतात, सोबत आंबवलेली कोबी आणि गोडसर मोहरीची चटणी. मी बटाट्याचं सार आणि पाव घेतला, सार गरम आणि मिरपुडीने झणझणीत होतं. भिंतीवर पुरांच्या पाण्याच्या खुणा कोरल्या आहेत, वर्षांसकट. काही माझ्या डोक्याच्याही वर. शेजारची उंच छपराची इमारत म्हणजे सतराव्या शतकातलं मिठाचं कोठार. नदीतून आलेलं मीठ इथे साठवत. आतल्या तुळयांना अजून पांढरी पुटं दिसतात. मी बोट लावून चाखण्याचा मोह आवरला.

संध्याकाळी रोमन दरवाजा पाहिला. डॅन्यूबचं अगदी उत्तरेकडचं वळण इथे आहे आणि रेगेन नावाची नदी इथेच तिला मिळते. त्या संगमासमोर सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इसवी सन १७९ मध्ये, रोमनांनी सहा हजार सैनिकांची दगडी छावणी उभारली: कास्त्रा रेगिना. नेमकं वर्ष माहीत आहे कारण दरवाजावरचा शिलालेख सापडला आहे, तो संग्रहालयात ठेवला आहे. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांचं राज्य होतं. छावणीचा उत्तर दरवाजा, पोर्टा प्रेटोरिया, पुढे बिशपच्या दारूभट्टीच्या भिंतीत बुजून गेला होता. १८८५ साली ती इमारत पाडताना तो पुन्हा उघडा झाला. आजही तो घराच्या पांढऱ्या भिंतीतच उभा आहे. एक कमान आणि एका बुरुजाचा भाग, हातभर जाडीचे चिरे एकावर एक. त्याच्या वर खिडक्या, खिडक्यांना पडदे. अठराशे वर्षांच्या दगडाला कुंपण नाही, तिकीट नाही. एक मुलगी त्याला सायकल टेकवून फोनवर बोलत होती.

इथलं जुनं इतकं का टिकलं, याचं कारण भाच्याने चालता चालता सांगितलं आणि ते खरं आहे. मध्ययुगात हे शहर व्यापारावर गबर झालं होतं. श्रीमंत व्यापाऱ्यांनी इटलीतल्यासारखे घरांवर उंचच उंच बुरूज बांधले, ऐपत दाखवायला. नंतर व्यापार न्यूर्नबेर्ग आणि आउग्सबुर्गकडे वळला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले ते बहुतेक पश्चिमेकडच्या विमान कारखान्यावर, बंदरावर आणि रेल्वेवर. २००६ साली युनेस्कोने जुनं गाव आणि श्टाट-अम-होफ दोन्ही जागतिक वारशात घेतले.

दिवस तिसरा, शनिवार

जुन्या नगरभवनात फक्त मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. तिथल्या सभागृहात १६६३पासून १८०६पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे एका सम्राटाखालच्या जुन्या जर्मन राज्यांची, कायमची संसद भरत होती. सुरुवातीला ती तात्पुरतीच बोलावली होती, पण विषय संपेनात, म्हणून ती उठलीच नाही. प्रतिनिधी इथेच घरं करून राहिले. सम्राटाचं आसन पायऱ्यांवर उंच, मग निर्वाचक राजे, मग सरदार, आणि शहरांचे प्रतिनिधी सर्वांत खाली. दिरंगाईसाठी 'लांब बाकावर सरकवणे' असा जर्मन वाक्प्रचार आहे, तो इथल्या बाकांवरून आला असं सांगतात. त्याच इमारतीच्या तळघरात छळाची खोली आहे, जशी होती तशी. तिचं जुनं नाव 'विचारण्याची जागा' अशा अर्थाचं आहे. शिडी, दगडाची वजनं, आणि लाकडी जाळीमागे लिहून घेणाऱ्यांची बाकं. मी तिथे फार वेळ थांबले नाही.

दुपारी नॉयफार चौकात गेलो. मोठा, मोकळा, उन्हाचा चौक, मध्ये चर्च. एवढ्या दाट गावात एवढी मोकळी जागा कुठून आली, असा प्रश्न मला आदल्या दिवशीच पडला होता. उत्तर असं की इथे ज्यूंची वस्ती होती. दहाव्या शतकापासूनची, विद्येसाठी नावाजलेली. त्यांना सम्राटाचं संरक्षण होतं. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरपालिकेने सुमारे पाचशे ज्यूंना ऐन थंडीत गावाबाहेर काढलं. घरं पाडली, सिनेगॉग म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर पाडलं. पाडण्याआधी आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर या चित्रकाराने त्या सिनेगॉगची दोन चित्रं कोरून ठेवली. तो स्वतः नगरपालिकेचा सदस्य होता. ते सिनेगॉग कसं दिसत होतं हे आज त्याच्या चित्रांमुळे कळतं. ही गोष्ट दिवसभर माझ्या मनातून जाईना.

१९९०च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा तळघरं, सिनेगॉगचा पाया आणि ६२४ सोन्याच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सिनेगॉगच्या जागी इस्रायली शिल्पकार दानी कारावान याने २००५ साली पांढऱ्या काँक्रीटमध्ये त्याचा तळ-आराखडा उठवला आहे, गुडघ्याएवढ्या उंचीचा. लोक त्यावर बसतात. दोन मुलं खांबांच्या गोल बुंध्यांवरून उड्या मारत होती आणि त्यांची आजी शेजारी सफरचंद चिरत होती. मीही तिथे बसले.

ज्यूंचं दफनस्थान गावाबाहेर होतं, तेही तेव्हाच उद्ध्वस्त केलं. हजारो थडग्यांचे दगड उपटून बांधकामाला वापरले, काही तर विजयाची निशाणी म्हणून घरांच्या दर्शनी भिंतींत बसवले. त्यातला एक भाच्याने मला दाखवला. अरुंद गल्ली, पिवळसर रंगाची भिंत, आणि माझ्या डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर एक राखाडी चिरा, त्यावर हिब्रू अक्षरांच्या ओळी. घराला कितीदा तरी रंग दिला असेल. दर वेळी रंगाऱ्याने दगडाच्या कडेने ब्रश फिरवला होता, कडांना जुन्या रंगांचे थर दिसत होते. काही अक्षरांच्या खाचांत धूळ भरलेली, काही अजून धारदार. ते कोणाचं तरी नाव होतं. मला वाचता येत नव्हतं.

"आता यांचं सिनेगॉग आहे का इथे?" मी विचारलं.

"आहे ना. आधीचं १९३८मध्ये नाझींनी जाळलं. त्याच जागी २०१९मध्ये नवं झालं. उद्या त्या रस्त्याने जाऊ."

दिवस चौथा, रविवार

दहाच्या प्रार्थनेला सेंट पीटर कॅथेड्रलमध्ये गेलो. इथल्या मुलांच्या गायकवृंदाची परंपरा ९७५ सालापासूनची, आणि गाव त्यांना 'कॅथेड्रलच्या चिमण्या' म्हणतं. आवाज वरून येतो की समोरून, ते कळत नव्हतं. मध्ययुगीन रंगीत काचांमधून आलेला निळा-लाल उजेड खांबांवर हळूहळू सरकत होता. दोन खांबांवर समोरासमोर मेरी आणि देवदूत गाब्रिएल आहेत, सुमारे १२८०चे. देवदूत चक्क हसतो आहे, दात दिसतील असं. देवळातल्या मूर्तीला इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मेरीने हात किंचित वर केला आहे, येशू पोटी येणार ही देवदूताची बातमी ऐकून दचकल्यासारखा.

बाहेर येऊन भिंतीजवळून पाहिलं तर दोन प्रकारचे दगड दिसले, पांढरा चुनखडक आणि हिरवट वालुकाश्म. हिरवा मऊ, पावसाने त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून कॅथेड्रलचे स्वतःचे पाथरवट आहेत. वर्षभर ते कुठला ना कुठला चिरा बदलत असतात. दोन्ही मनोरे तर १८६९ साली पुरे झाले, सहाशे वर्षांनी. उंची १०५ मीटर.

तिथून दाखाउ चौकात. २३ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन फौज जवळ आली होती आणि नाझी अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत लढायचा हुकूम काढला होता. बायका, मुलं इथे जमली, लढाई न करता शहर द्या म्हणायला. कॅथेड्रलचे धर्मोपदेशक योहान मायर त्यांच्या बाजूने बोलायला उभे राहिले. त्यांना बोलता बोलता पकडलं आणि त्याच रात्री मृत्युदंड सुनावून फाशी दिली. त्यांच्याबरोबर योझेफ त्सिर्क्ल या सत्तरीतल्या माणसालाही. मागे हटणाऱ्या सैन्याने दगडी पुलाच्या कमानी उडवल्या. आणि चार दिवसांनी, २७ एप्रिलला, शहर एकही लढाई न होता अमेरिकनांच्या ताब्यात गेलं. चारच दिवस. पुलाच्या त्या कमानी धडपणे पुन्हा उभ्या राहायला १९६७ उजाडलं.

दुपारी बोटीने वालहालाला गेलो. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने बांधलेलं स्मारक, १८३० ते १८४२, वास्तुशिल्पी लिओ फोन क्लेंत्से. टेकडीवर ग्रीक देऊळ, आत जर्मनभाषक थोरांचे संगमरवरी अर्धपुतळे, एकशे तीसच्या आसपास. ३५८ पायऱ्या चढून धाप लागली. नदीवरून ते भव्य दिसतं, आत गेल्यावर थंड वाटलं. कवी हाइनेने त्या काळी याची 'संगमरवरी कवट्यांची जागा' म्हणून टवाळी केली होती. त्याचाही पुतळा २०१०मध्ये इथे आला. केप्लर सापडला, राजांच्या आणि सेनापतींच्या गर्दीत. पण मी थांबले ती सोफी शोलपाशी. हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून १९४३ साली २१व्या वर्षी जिचं मुंडकं उडवलं, ती. माझ्या शेवटच्या बॅचच्या मुली आता साधारण त्या वयाच्या आहेत.

दिवस पाचवा, सोमवार

गाडी दुपारची. सकाळी केप्लरचं घर.

घर त्याचं नव्हतं, ओळखीच्या माणसाचं होतं. आता त्या गल्लीलाच केप्लरचं नाव आहे. त्याचा या गावाशी संबंध आधीपासूनचा. १६२६च्या हिवाळ्यात तो बायकामुलांना घेऊन लिंत्सहून नदीने निघाला होता. उल्मला जाऊन ग्रहांची कोष्टकं छापायची होती, बरोबर छापखान्याचे खिळे होते. इथवर आला आणि नदी गोठली. मग कुटुंबाला याच गावात ठेवून, खिळे गाडीत घालून तो पुढे रस्त्याने गेला. कोष्टकं १६२७ साली निघाली.

१६३० साली तो पुन्हा आला, एकटा, घोड्यावर, सिलेशियातून. सम्राट त्या वेळी इथे मुक्कामाला होता आणि सम्राटाकडे केप्लरचा सुमारे १२ हजार गुल्डन पगार थकला होता. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात हे ज्याने साऱ्या जगाला सांगितलं, त्याला आपल्या हक्काच्या पैशांसाठी थंडीच्या तोंडावर इतका लांब प्रवास करावा लागला. वाट उत्तरेकडून, म्हणजे दगडी पुलावरूनच. २ नोव्हेंबरला पोचला, थोड्याच दिवसांत ताप भरला आणि १५ तारखेला गेला. पूल तेव्हा ४८४ वर्षांचा झाला होता.

घरासमोर मी बराच वेळ उभी होते. खिडक्या छोट्या. कुठली त्याची असेल, कोण जाणे.

तो प्रॉटेस्टंट, म्हणून तटाबाहेरच्या दफनभूमीत त्याला पुरलं. काही वर्षांतच, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात पेटलेल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'त, ती दफनभूमी नष्ट झाली. थडगं गेलं, हाडं गेली. त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या ओळी मात्र उतरवून घेतलेल्या होत्या, म्हणून राहिल्या. लॅटिनमध्ये आहेत. माझ्या शब्दांत सांगायचं तर: आकाश मोजत होतो, आता पृथ्वीच्या सावल्या मोजतो. मन आकाशाचं होतं, देहाची सावली इथे पडली आहे.

तटाच्या जागी आता झाडांचा पट्टा आहे, स्टेशनला जाताना तो लागतो. त्यात १८०८ साली उभारलेला एक छोटा गोल मंडप आहे, आठ खांबांचा, आत केप्लरचा अर्धपुतळा. ती दफनभूमी इथेच कुठेतरी जवळपास होती. चेस्टनटची फळं टपटप पडत होती, काटेरी टरफलं फुटून तपकिरी बिया फरशीवर घरंगळत होत्या. बॅग बाकाशेजारी ठेवून आम्ही बसलो. गाडीला चाळीस मिनिटं होती.

"मावशी," भाचा म्हणाला, "तिसरा नियम काय होता गं? पहिले दोन आठवतात मला."

मी उभी राहिले. सवयच ती, नियम बसून कधी सांगितला नाही.

"ग्रहाच्या आवर्तकालाचा वर्ग," मी म्हणाले, "हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाला समानुपाती असतो."